रिव्हर्स गियरमधली पाठवणी

माझं स्वतःचं गॅरेज कधीच नव्हतं. जळगावला एका तेल गिरणीच्या वर्कशॉपात मी नोकरीला होतो. सोमवार ते शनिवार ट्रक आणि पंप. रविवारी मात्र खाकी पिशवीत पाने, पक्कड, चिंध्या आणि एक जास्तीचा शर्ट भरायचा आणि एसटी पकडायची. अमळनेर, एरंडोल, चोपडा, धरणगाव, कधी थेट धुळे. ऐंशीच्या दशकात आमच्या भागात ज्यांच्या दारी मोटार होती, त्यांतल्या निम्म्यांची मोटार दारातून हलू शकत नव्हती. ती गॅरेजात आणणार कशी? म्हणून डॉक्टर व्हिजिटला जातात तसा मी जायचो.

गाडीचं नाव लिहीत नाही. तेव्हा रस्त्यावर मुख्यतः दोनच तऱ्हेच्या गाड्या दिसायच्या. एक पोटाने गोल, दुसरी जरा चापूनचोपून बसवलेली. दोन्हींचा गियर पायाशी नसून स्टिअरिंगच्या खाली, आडव्या दांड्यासारखा. चाळिशी ओलांडलेल्यांना एवढ्यावर कळेल.

घरातली जुनी गाडी आणि रस्त्यावरची गाडी ह्यांत फरक असतो. रस्त्यावरच्या गाडीचा मालक विचारतो, "कधी होईल?" घरातल्या गाडीचा मालक विचारतो, "हिला त्रास तर होणार नाही ना?" एदलाबादला, म्हणजे आताच्या मुक्ताईनगरला, एका डॉक्टरांच्या गाडीचा हॉर्न डावीकडे वळलं की आपोआप वाजायचा. स्टिअरिंगमधली एक वायर घासली गेली होती, दहा मिनिटांचं काम. डॉक्टर हात लावू देईनात. म्हणाले, "डावीकडच्या गल्लीतले पेशंट त्या हॉर्नवरच बाहेर येऊन बसतात. तुम्ही तो बंद केला तर मला घरोघर जावं लागेल." मी नुसतं ऑइल बदललं आणि परत आलो. त्या गल्लीला अर्थातच गाडीच्या तब्येतीबद्दल कधी शंका आली नाही.

पण सगळ्यांत जास्त रविवार माझे गेले ते धरणगावला, नाना वकिलांकडे. गोष्ट त्यांचीच सांगायची आहे.

नानांचं बोलावणं पोस्टकार्डाने आलं. मजकूर असा: 'विषयांकित वाहन गेली सहा वर्षे आमचे पडवीत उभे असून ते चालू अवस्थेत आणणेकामी आपण समक्ष हजर राहावे. कसूर करू नये.' मी घाबरून बायकोला विचारलं, आपण कुणाचं काय वाकडं केलंय का?

गेलो. नाना साठीकडे झुकलेले, सडपातळ, घरातही काळा कोट. गाडीसमोर मला उभं केलं आणि उलटतपासणी सुरू.

"तुम्ही म्हणता, पेट्रोलचा पंप गेला. तुम्ही तो जाताना पाहिला?"

"नाही नाना, पण पेट्रोल वर चढत नाही."

"पेट्रोल चढत नाही, एवढंच तुम्ही पाहिलं. पंप गेला, हा तुमचा तर्क. बरोबर?"

"बरोबर."

"मग आधी पंप निर्दोष धरा आणि पुढे चला."

आणि खरं सांगतो, पंप निर्दोष निघाला. पाइपात गांधीलमाशीने मातीचं घर केलं होतं. त्या दिवसापासून मी नानांना वचकून राहिलो.

गाडीचं मागचं दार उघडलं तर आत ज्वारीची दोन पोती, डिकीत कुरडयांचे डबे. नानांच्या पत्नी, गाव त्यांना अक्का म्हणायचं, कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. नाना कोर्टातली मराठी बोलायचे, अक्का घरातली अहिराणी, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. अक्का मला म्हणाल्या, "मिस्तरीभाऊ, हाई गाडी नही शे, हाई आम्हनी कोठी शे. तुम्ही दुरुस्त करी दिधी तं मी दाना कोठे ठेवू?"

गाडी आत्ताच चालू करायचं कारण असं होतं. नानांची एकुलती एक मुलगी शैला. तिचं धुळ्याला जमलं होतं, लग्नाला चार महिने होते. सुपारी फुटली तेव्हा मुलाचे वडील, आबा, सहज म्हणाले होते, "पाठवणीला आम्ही मोटार पाठवू." त्यांच्या बोलण्यात कुचकेपणा काही नव्हता. पण नानांना ते लागलं. वीस माणसांदेखत ते उभे राहिले आणि म्हणाले, "शैला जन्मली तेव्हा दवाखान्यातून घरी आली ती आमच्या गाडीतून. सासरी जाईल तीही आमच्याच गाडीतून." आता वीस साक्षीदारांसमोर वकिलाने दिलेला शब्द, आणि गाडीत ज्वारी.

तर चार महिने, दर रविवारी.

नानांचा पहिला नियम: गाडीतून काढलेली कुठलीही वस्तू फेकायची नाही. प्रत्येकीला दोऱ्याने चिठ्ठी बांधायची, त्यावर कोर्टातल्या पुराव्यासारखा क्रमांक. 'निशाणी ९: डाव्या चाकाचे ब्रेकचे रबर. स्थिती शोचनीय.' 'निशाणी २२: बॅटरी. मृत.' पडवीत खाटेवर पांढरी चादर अंथरून हे सगळं ओळीने मांडलेलं. भेटायला येणारे पक्षकार आधी त्या खाटेपाशी थबकायचे आणि हलक्या आवाजात बोलायचे.

पेट्रोलची टाकी आतून गंजली होती. अशी टाकी साफ करायची घरगुती रीत म्हणजे आत बारीक खडी आणि थोडं रॉकेल घालायचं आणि तासभर हलवायची. एकट्याचं काम नाही, दोन बाजूंनी दोन माणसं लागतात. त्या दिवशी नानांकडे बांधाच्या भांडणातले दोन शेजारी आले होते. एक त्यांचा पक्षकार, दुसरा विरुद्ध बाजूचा, बोलणी करायला आलेला. नाना म्हणाले, "बोलणी नंतर. आधी ही धरा." दोघांनी टाकी दोन टोकांना धरली. सुरुवातीला एक ओढायचा आणि दुसरा ढकलायचा. टाकीतली खडी एकाच कोपऱ्यात. मी ओरडलो, "अहो, एका तालात हलवा." मग हळूहळू ताल जमला. अर्ध्या तासाने एक म्हणाला, "जरा दम घेऊ रे." दुसरा म्हणाला, "घे." तासाभराने टाकी स्वच्छ, दोघे घामाघूम, अक्कांनी ताक दिलं, आणि बांध कुठून घालायचा ते दोघांनी तिथेच ओसरीवर खडूने काढून ठरवलं. नाना माझ्याकडे रागाने बघत होते. त्यांची आठ वर्षं चाललेली केस मी एका टाकीत घालवली होती.

इंजिन जुळवून झालं त्या रविवारी एक बोल्ट उरला. मिस्तरी लोकांच्या आयुष्यात उरलेला बोल्ट ही फार वाईट गोष्ट असते. तो नसल्याने काहीतरी सुटं आहे, आणि ते काय हे कुणालाच माहीत नाही. नानांनी त्याला निशाणी ६३ दिली आणि तारीख टाकली. पुढच्या रविवारी पुन्हा तपास, पुन्हा तारीख. तीन रविवार मी गाडीच्या पोटाखाली विजेरी घेऊन सरपटत होतो. तिसऱ्या वेळी अक्का चहा घेऊन आल्या, खाटेवर वाकल्या, बोल्ट उचलला आणि म्हणाल्या, "हाऊ तं मन्ही शिलाई मशीनना शे. तीन आठवडा व्हयी गयात, मी धुंडस त्याले."

ह्या अक्कांबद्दल मला जरा लिहिलं पाहिजे, कारण माझी चूक तिथे आहे.

अक्का शिवणकाम करायच्या. मशीन स्वतः उघडायच्या, तेल घालायच्या, बसवायच्या. त्यांचा कान विलक्षण होता. गाडी पहिल्यांदा सुरू झाली, सगळे टाळ्या वाजवत होते, तेव्हा त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "चारमधला एक उपाशी शे." बघितलं तर एका प्लगला करंटच जात नव्हता. चार सिलेंडरपैकी एक रिकामा हलत होता. माझ्यासारख्या वीस वर्षं ह्या कामात असलेल्याला जे दहा मिनिटांनी कळलं असतं ते त्यांना कणीक मळताना कळलं.

लग्नाच्या आधीच्या रविवारी मी गाडी पडवीतून मागे घेतली, पुढे घेतली, गावातून फिरवून आणली. पॉलिश केलेली, ब्रेक नवे, क्लच नवी, सीटला अक्कांनीच शिवलेली पांढरी खोळ. मी पिशवी आवरत होतो. अक्का जवळ आल्या.

"मिस्तरीभाऊ, बठ्ठं चांगलं शे. पन उलटी जास ना, तवय पोटमा काहीतरी चावस."

मी हसलो. म्हणालो, "अक्का, रिव्हर्स गियरचा आवाज असतोच तसा. सगळ्याच गाड्यांचा असतो."

"आवाज नही म्हनत मी. चावस म्हनी राह्यनी."

गियरची पेटी मी उघडली नव्हती. उघडायची तर गाडीखाली शिरून ती उतरवावी लागते, दिवस जातो, आणि चार महिन्यांत तिने मला काही त्रास दिला नव्हता. शिवाय मला जळगावची शेवटची बस गाठायची होती. मी म्हणालो, "काळजी करू नका. धुळ्यापर्यंत गाडीला मागे जायचंच नाहीये."

हे माझं वाक्य अजून मला मधूनमधून आठवतं.

लग्न सकाळच्या मुहूर्ताला धरणगावलाच लागलं. जेवणं झाली, दुपार कलली, पाठवणीची वेळ आली. गाडीला झेंडूच्या माळा, बॉनेटवर नारळ. नाना ड्रायव्हरच्या दाराशी गेले, दार उघडलं. आबा पुढे आले. ते धुळ्याचे सरकी-ढेपीचे व्यापारी, शांत, रीतभात सांभाळणारे गृहस्थ.

"नाना, हे काय? मुलीचा बाप पाठवणीबरोबर जात नाही."

"मान्य," नाना म्हणाले.

"मग?"

"बाप म्हणून मी शैलाला मांडवाच्या दारात निरोप दिलेला आहे. तुम्ही साक्षीदार आहात. बाप इथेच थांबतोय. गाडीत बसतोय तो चालक."

आबा गुरुजींकडे बघायला लागले. गुरुजी म्हणाले, "चालकाबद्दल माझ्या माहितीत काही नियम नाही."

नाना तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी डोक्यावरचा फेटा काढून अक्कांच्या हातात दिला, कोट काढला, आणि माझ्या पिशवीतला जास्तीचा खाकी शर्ट मागून घेऊन अंगात घातला. त्यावर ग्रीसचा पंजा उमटलेला होता. अक्का त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघत म्हणाल्या, "तुम्हनी बुद्धीले काय म्हनो!" आणि मग मुलीच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. त्या रडण्यात मुलगी किती आणि नवरा किती, हे सांगता येणार नाही.

पुढे नाना आणि मी, मागे शैला आणि जावई. जावईबापूंचं नाव सुधीर, कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळायचे, स्वभावाने इतके गरीब की एरंडोल गेलं, पारोळा गेलं तरी एक शब्द बोलले नव्हते. वऱ्हाडाची बस केव्हाच पुढे गेली होती. गाडी मात्र अशी चालली होती की मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो. इंजिन शिवणाच्या मशीनसारखं एका लयीत. नाना दर दहा मैलांनी विचारायचे, "प्रवाशांची काही तक्रार?" आणि शैला मागून डोळे पुसत म्हणायची, "नाही."

धुळ्याच्या अलीकडे तीनेक किलोमीटरवर एक चहाचं दुकान होतं, बाजूला लिंबाचं झाड. इंजिनाला सावली मिळावी म्हणून नानांनी गाडीचं तोंड झाडाखाली घातलं. चहा झाला. गुरुजींनी सूर्यास्ताच्या आत गृहप्रवेश सांगितला होता, त्याला अजून तास-सव्वा तास होता. निघालो. म्हणजे, झाडाखालून बाहेर पडायला नानांनी रिव्हर्स टाकला.

काहीतरी चावलं.

आता मला ते स्पष्ट ऐकू आलं. गाडी मागे रस्त्यावर आली. नानांनी पहिला टाकायला दांडा ओढला. दांडा भिंतीत ठोकलेल्या खुंटीसारखा. मी ओढला, तसाच. बॉनेट उघडलं. ह्या गाड्यांच्या गियरच्या सळया कधीकधी एकमेकींत अडकतात, त्या हाताने ओढून सोडवता येतात, हे प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक असतं. पण सळया मोकळ्या होत्या. अडकलं होतं ते पेटीच्या आत. पेटीत गियर पुढेमागे सरकवणारा लोखंडी काटा असतो. तो झिजून तिरका बसला होता आणि रिव्हर्स सोडायला तयार नव्हता.

मी चिखलासारखा चेहरा करून उभा राहिलो. "नाना, पेटी उतरवल्याशिवाय होणार नाही. आपण रिक्षा बघू."

नाना खाकी शर्टाची बटणं चाचपत उभे राहिले. मला अक्कांचं वाक्य आठवलं.

शैलाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. मुंडावळ्या डोळ्यांवर आलेल्या.

"मिस्तरीभाऊ, इंजिन चांगलं आहे ना?"

"इंजिन उत्तम आहे."

"ब्रेक?"

"नवे आहेत."

"मागे जाते ना?"

"मागेच जाते."

"मग नाना, मागे चालवा की. तीन किलोमीटर तर आहे."

नानांच्या चेहऱ्यावर हळूहळू वकील परत आला. "मी शब्द दिला तो गाडीतून आणण्याचा. गाडीचं तोंड कुठे असेल ह्याबद्दल मी काहीच बोललो नव्हतो." ते वळून जावयाला म्हणाले, "पक्षकार क्रमांक दोनची हरकत?"

सुधीरराव त्या दिवशीचं पहिलं वाक्य बोलले. "मीपण उलटा बसू का?"

क्लच दाबून, ढकलून गाडीची पाठ धुळ्याकडे केली आणि अशी आमची वरात धुळ्यात शिरली. नवरानवरी मागच्या सीटवर गुडघे टेकून, मागच्या काचेतून रस्त्याकडे तोंड करून, मुंडावळ्या हलताहेत. शैला सांगायची, "नाना, डावीकडे घ्या... अजून... सायकल आहे, थांबा." नाना एक हात सीटच्या पाठीवर टाकून मान वळवून चालवत होते. रिव्हर्स गियरचा तो चिरका सूर आणि चालण्याचा वेग. मी रस्त्यावरून वाट मोकळी करत पुढे चालत होतो. पुढे म्हणजे गाडीच्या मागे. चौकातल्या हवालदाराला वाटलं गाडी शहरातून बाहेर चालली आहे. त्याने तिला मोठ्या अदबीने निरोपाचा हात केला आणि गाडी त्याच्याच अंगावर यायला लागली तेव्हा शिट्टी तोंडातून खाली पडली.

आबांच्या गल्लीच्या तोंडाशी बँड उभा होता. बँडमास्तर मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊ, आम्ही गाडीच्या पुढे चालतो. हिचं पुढे कुठलं?"

मी म्हटलं, "जिकडे चालली आहे ते पुढे."

"पण हार तिकडे आहेत. नारळ तिकडे आहे. फोटो तिकडून काढतात."

त्यांनी पाच मिनिटं आपसांत खल केला. शेवटी क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट नवरीच्या बाजूला, ढोल-ताशा नारळाच्या बाजूला, अशी वाटणी झाली. मध्ये गाडीची लांबी असल्यामुळे सूर आणि ताल एकमेकांना शेवटपर्यंत भेटले नाहीत. गल्लीतली माणसं दोन्ही बाजूंनी नाचत होती. एक म्हातारबाबा मला म्हणाले, "आते नवी फॅशन निंघनी वाटस."

दारात आबांच्या पत्नी ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या. त्या आधी बॉनेटच्या बाजूला गेल्या, तिथे कुणीच नव्हतं. मग वळसा घालून डिकीच्या बाजूला आल्या. काचेत सून त्यांच्याकडे बघून हसत होती. बाई म्हणाल्या, "गाडी थांबायच्या आधीच जिचं तोंड दिसलं अशी ही पहिलीच सून बरं का." सूर्य मावळायला पंधरा मिनिटं होती. आबांच्या मनात काय होतं देव जाणे, पण ह्या एका वाक्याने त्यांचा राग उतरताना मी पाहिला. तरी ते नानांकडे आलेच.

"नाना, अहो हा काय प्रकार?"

"नाना धरणगावला आहेत," नाना म्हणाले. "मी चालक."

"बरं, पुरे आता. आत चला."

"चालक आत येत नाही."

आणि खरंच गेले नाहीत. आत माप ओलांडलं, नाव घेतलं, हसण्याचे आवाज आले. नाना गाडीला टेकून उभे होते. दर आवाजाला मान किंचित वर करायचे. मी म्हटलं, "नाना, जा ना. कोण बघतंय?" ते म्हणाले, "मिस्तरी, बाप म्हणून गेलो तर मला त्या घरचं पाणी घेता येणार नाही. आमच्यात लेकीच्या घरी बाप जेवत नाही, तिला मूल होईपर्यंत. पाहुण्यासारखं टेकायचं आणि उठायचं. त्यापेक्षा इथे बरा आहे."

मांडवाच्या कडेला वऱ्हाडाच्या बसचा ड्रायव्हर आणि क्लीनर जेवायला बसले होते. आम्हीही तिथेच बसलो. वाढपी येण्याआधी शैला आली. नवा शालू, हातात दोन पानं, मागे तिच्या सासूबाई. तिने एक पान माझ्यापुढे ठेवलं, एक नानांपुढे. मग अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाली,

"ड्रायव्हरकाका, लांबून आलात. पोटभर जेवा. आमच्याकडे ड्रायव्हरला उपाशी पाठवत नाहीत."

नाना तिच्याकडे बघतच राहिले. बापाला जे चालत नव्हतं ते चालकाला चालत होतं. हे त्यांना आत्ता सुचलं, आणि तिला आधीच सुचलं होतं. त्यांनी घास घेतला. वरण-भात होता, वांग्याची भाजी होती. खाली मान घालून ते इतके हळूहळू जेवले की बसचा ड्रायव्हर त्यांना म्हणाला, "काका, तिखट लागलं का?" नाना म्हणाले, "हो. जरा."

दुसऱ्या दिवशी आबांच्या अंगणात मी पेटी उतरवली. आबा आधी ओट्यावरून बघत होते. मग खुर्ची जवळ घेतली. मग खुर्ची सोडून उकिडवे बसले आणि दुपारी धोतर खोचून माझ्याबरोबर पेटीला खालून आधार देत होते. काटा हातात आला. एका बाजूने चांगलाच खाल्लेला. तो धुळ्यातल्या एका वर्कशॉपात वेल्डिंगने भरून आणला आणि कानशीने घासून बसवला. नाना बाजूला उभे होते.

मी म्हटलं, "नाना, मला ठाऊक असायला हवं होतं. अक्कांनी मला सांगितलं होतं. मी हसण्यावारी नेलं."

"तिने मलाही सांगितलं होतं," ते म्हणाले. "मी तिला म्हटलं, तू तज्ज्ञ साक्षीदार नाहीस."

चाळीस वर्षं झाली असतील, पण त्यानंतर कुठल्याही घरी गेलो की मी आधी घरातल्या बाईला विचारायचो, गाडीचा आवाज कसा येतो. बहुतेक घरांत तिला तोवर कुणी विचारलेलं नसायचं. आणि बहुतेक वेळा ती बरोबर असायची.

उन्हं उतरताना निघालो. नाना अजून माझ्याच खाकी शर्टात. आबा, त्यांच्या पत्नी, सुधीरराव, सगळे दाराशी. शैला फाटकाला धरून उभी. नानांनी कुणाला नमस्कार केला नाही, चालक करत नाही म्हणून. पहिला गियर टाकला, दुसरा टाकला, गाडी लोण्यातून सुरी जावी तशी गल्लीच्या टोकापर्यंत गेली. तिथे मुख्य रस्त्याला वळायचं. नानांनी ब्रेक दाबला. दांड्यावर हात ठेवला आणि बसून राहिले. पुन्हा अडकला की काय?

अडकला नव्हता. त्यांनी रिव्हर्स टाकला. सीटच्या पाठीवर हात टाकला, मान वळवली, आणि गाडी सावकाश, अख्खी गल्ली, उलटी चालवत फाटकापर्यंत परत आणली. खिडकी शैलाच्या समोर येऊन थांबली.

"पेटी नीट बसली का ते बघत होतो," नाना म्हणाले.

शैला खिडकीवर वाकली. "बसली का?"

"बसली."

"मग जपून जा, नाना."

त्यांनी मान हलवली आणि पहिला टाकला.